पान्ह्याची शिटी

शिरूर अनंतपाळ,
सोमवार, ता. ९ डिसेंबर १९८५

न्हाणीची चूल पेटवायला सगळ्या लोहा गावात तुम्हाला माझी शिटीच सापडली का रे? तुझ्या अंगणात तुराट्यांचा ढीग, परसात पऱ्हाट्या, आणि तुझ्या बायकोच्या, गौरम्माच्या हाताला लागली ती म्हशीच्या गळ्यात बांधून पाठवलेली बांबूची शिटी! म्हशीच्या गळ्यात शिटी कामून बांधली असंल, एवढा इचार करायला शाळा लागत न्हाई. मी दुसरीतून घरी बसले, तरी मला सुचलं असतं.

चि. वीरण्णास गंगम्माचा आशीर्वाद.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. बारा दिवसांनी. त्यावर तू जिल्हा उस्मानाबाद लिहिलंस. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली. माझा अमृत नव्या कलेक्टर कचेरीत चपराशी हाय, नात शिवगंगा बापाजवळ राहून तिथल्याच शाळेत जाते, आणि माझा सख्खा भाऊ मला अजून उस्मानाबादला धाडून राहिलाय.

आता नीट ऐक. भिंगरी आषाढात व्याली आणि पंधरा दिवसांत तिचं रेडकू मेलं. तवापासून ती शिटीवर पान्हा सोडते. शिटी ऐकली की कान पाडते, मग मी कासेला हात लावते. शिटी न्हाई तर दूध न्हाई. इथं हिरीला पाणी असतं, कडबा असता, तर मी माझी म्हैस तुझ्या दारात पाठवली नसती. आमच्या गड्यानं, ग्यानोबानं ती चालवत चार दिवसांत पोचवली आणि तुम्ही एका आंघोळीत तिचा पान्हा जाळला.

ती आटली तर बाजारात आटलेल्या म्हशीचं काय होतं ते तुला ठावं हाय. मला ती पावसानंतर दुभती परत पाहिजे. दूध माझं हाय तोवर ह्या घरात चहा कवा होणार ते मी ठरवते. म्हैस गेली की सुनेला इचारावं लागंल. मी सत्तर वर्षांची हाय. आता इचारायला शिकणार न्हाई.

माळेगावची जत्रा महिन्यावर आली. तिथं बांबूच्या शिट्या ढिगानं येतात. त्यातली एक चांगली बघून घे. एकच. तोवर किती दूध निघतं ते लगोलग कळव.

गंगम्मा


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
लोहा, ता. १७ डिसेंबर १९८५

तीर्थस्वरूप गंगाक्का यांस, वीरण्णाचे शरणु शरणार्थ.

तुझे पत्र पोचले. ते ऐकून गौरम्मा दोन वेळा जेवली नाही, असे मी लिहावे अशी तिची इच्छा आहे. प्रत्यक्षात ती जेवली. तिचे म्हणणे असे की म्हशीच्या गळ्यात घंटा असते, लोढणे असते, शिटी असते हे तिने माहेरी-सासरी कुठेही पाहिले नाही. तिला वाटले, वाटेत काहीतरी अडकले असेल.

सध्या भिंगरी चहापुरते दूध देते. बाकीचे चोरते. यावर गौरम्मा म्हणते, वैरण आमची, पाणी आमचे आणि चोरीही आमच्याच घरात. अक्का, मी स्पष्टच लिहितो. यंदा आमच्याकडेही कडबा बेताचा आहे. शिवरात्रीपर्यंत म्हैस नीट दुधाला आली नाही तर तिला जनावरांच्या बाजारात उभी करायची, असे तिने ठरवले आहे. तिने ठरवले की आमच्या घरात ते ठरते.

पण तू फिकीर करू नकोस. मी तीस वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवतो. शिटीचा स्वर फक्त सांग. पांढरी पाच, काळी चार, जे असेल ते. पुढचा बंदोबस्त माझ्याकडे.

तुझा,
वीरण्णा

ता. क. पत्त्यावर आता लातूर घातले आहे. हाताला वळण पडायला वेळ लागतो.


शिरूर अनंतपाळ,
सोमवार, ता. २३ डिसेंबर १९८५

म्हशीला पेटी कळत न्हाई, वीरण्णा. पांढरी-काळी तुझ्या मंडळाला सांग.

चि. वीरण्णास आशीर्वाद. गौरम्मा जेवली हे बरं झालं. अंगात ताकद राहू दे, अजून लई बोलायचं हाय मला तिच्याशी.

शिटीचा आवाज सांगते. टिटवी ओरडते ना, तसा. पण टिटवीसारखा फाटका न्हाई, जरा पोटातून. वाजवायची ती दोन लांब आणि एक आखूड. एवढ्यात समजून घे.

जत्रेत गेल्यावर उभी घे, तोंडात धरून फुंकायची. आडवी घेऊ नको. आडवीला ओठ वळवावे लागतात आणि तुझे पुढचे दोन दात कुठं हायत ते मला ठावं हाय. विकणारा स्वतः एक झकास वाजवत फिरतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात ढिगातली देतो. त्याची स्वतःची माग. न्हाईच दिली तर ढिगातली उन्हाकडं धरून आतून बघ. उजेडाची रेघ दिसली की ती तडकलेली. तळहातावर आपटून बघ. पिवळं पीठ पडलं तर आत भुंगा हाय. तोंडाशी लाकडाची खुंटी ठोकलेली असते, ती अंगठ्यानं दाबून बघ. हलली तर ठेवून दे. आणि बांबू हातात हलका, वाळलेला पाहिजे. ओला आता गोड वाजंल आणि माघात चिरफळंल.

आपण बुरुडाच्या शेजारी वाढलो. मी त्यांच्या ओसरीवर बसून हे सगळं बघितलं, जळली ती शिटी मी माझ्या हातानं केली होती. तू तवा घरात पेटीचा भाता हलवत बसलेला.

जत्रेहून आल्या आल्या लिही.

गंगम्मा


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
लोहा, ता. १६ जानेवारी १९८६

तीर्थस्वरूप गंगाक्का यांस, शरणु शरणार्थ.

जत्रा झाली. तिळगूळ घे.

अक्का, तू सांगितलेला माणूस मला बरोबर भेटला. काठीला शंभरेक बासऱ्या, म्हणजे तुझ्या शिट्या, खोचलेल्या, आणि स्वतः असा वाजवत होता की मी दुकानाच्या किल्ल्या त्याच्याच पथारीवर विसरलो. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी त्याची स्वतःची मागितली. तो म्हणाला, "मालक, ही दिली तर बाकीच्या कोण घेणार?" मला हे पटले. मी बाकीच्या घेतल्या. एकोणीस.

तू एक सांगितली होतीस हे लक्षात आहे. पण निवडीला वाव असावा. त्यात अकरा आडव्या आहेत, कारण त्या दिसायला भारदस्त आहेत. घरी आणून पेटीशी लावून पाहिल्या तर एकोणिसांचे एकोणीस सूर. अशा वस्तू म्हशीपुढे वाजवणे मला प्रशस्त वाटेना. तेव्हा दुरुस्तीला बसलो. आतून काचकागद फिरवला. तार तापवून भोके मोठी केली, जिथे जास्त झाली तिथे मेण भरले. आठ दिवस दुकान गड्यावर सोडले. आता चौदा बासऱ्या काळी चारला अगदी चिकटून बोलतात. मंडळातल्या लोकांनी येऊन ऐकल्या आणि सात मागून नेल्या.

भिंगरीचे म्हणशील तर तिला जाण आहे. मी दोन लांब आणि एक आखूड वाजवले की ती रवंथ थांबवते, मान वळवते आणि मन लावून ऐकते. संपले की पुन्हा रवंथ सुरू. दूध मात्र तेवढेच, चहापुरते. काल मी जरा जवळ जाऊन कानाशी वाजवली. आज मी उभ्याने पत्र लिहितो आहे, बसता येत नाही.

त्या आखुडानंतर आणखी काही असते का? नीट आठवून कळव. शिवरात्र जवळ येत चालली.

तुझा,
वीरण्णा


शिरूर अनंतपाळ,
सोमवार, ता. २७ जानेवारी १९८६

तुला म्हैस दिली होती पिळायला, जलसा करायला न्हाई. तिला जाण हाय म्हणे! लाथ बरोबर जागेवर बसली एवढीच जाण दिसून राहिली.

चि. वीरण्णास आशीर्वाद. जखमेवर हळद लाव.

आडव्या सगळ्या मंडळाला देऊन टाक. उभ्यातली जिची भोकं तू वाढवली न्हाईस अशी एखादी उरली असली तर ती काढ. भोक वाढवलं की आवाज वर चढतो, मेण भरून थोडा उतरतो, पण मग त्यात तोंडात घास धरून बोलल्यासारखं वाजतं. खरी गोम खुंटीत असते. खुंटी हळूच बाहेर काढ, तिची वरची बाजू ब्लेडनं केसभर घासून सपाट कर, वाऱ्याला सरळ वाट मिळाली पाहिजे. तिच्यापुढचं चौकोनी भोक म्हणजे खिडकी, तिची धार वाऱ्याला कापते. ती बोथट असंल तर नुसतं फसफस होतं. तिला धार लाव. यंदाची हवा लई कोरडी, बांबू बसल्या जागी तडकतो. म्हणून करडईचं तेल आतून-बाहेरून चोळ, सावलीत वाळव, आणि दोन जागी शिवायचा दोरा घट्ट गुंडाळून वर मेण फिरव. उन्हात ठेवशील तर गौरम्माला चुलीला आणखी एक मिळंल.

वाजवायची आखूड दोन आणि मग लांब. तिसऱ्या खेपेला जरा ओढून. आणि घाई करू नको.

एवढं करून दूध निघालं न्हाई तर दोष तुझ्या फुंकीचा. उत्तर पाठव.

गंगम्मा


लोहा, ता. ५ फेब्रुवारी १९८६

ती. गंगाक्कांना गौरम्माचा नमस्कार.

हे पत्र मी लिहून राहिले, ह्यांना खबर न्हाई. ते गोठ्यात हायत. खुंटी काढून, घासून, तेल लावून झालं. शिटी तुम्ही सांगितली तशी झाली, खणखणीत वाजते. पलीकडच्या गल्लीतली कुत्री येऊन बसतात. सगळे आले, पान्हा सोडून.

शिटी जाळली ती माझी चूक. ते मी मान्य करते आणि पुन्हा करणार न्हाई, कारण आता घरात शिट्या सोडून काही दिसत न्हाई. पिठाच्या डब्यात बांबूचा भुसा निघाला.

पण अक्का, एक इचारते. जत्रेआधीच्या पत्रात तुम्ही लिहिलं दोन लांब, एक आखूड. जत्रेनंतरच्यात आलं आखूड दोन, मग लांब. हे म्हणतात अक्कांनी रागाच्या भरात उलटं लिहिलं. मी तसं म्हणत न्हाई. तुमचा राग मी बत्तीस वर्षं ओळखते, तुम्ही रागात कधी चुकत न्हाई.

परवा ग्यानोबा बाजाराला आला होता. चहा पिता पिता सहज म्हणाला, "शिटी तर धाकट्या बाईच वाजवतात, पिळतातही त्याच. थोरल्या बाईंची बोटं दोन सालांपासून वळत न्हाईत."

मी हे कुणाला बोलले न्हाई. तुमच्या भावाला तर मुळीच न्हाई, ते भजनात सांगतील. पण शिवरात्रीला महिना राहिला. मी मेलेल्या आशेवर कडबा घालणारी बाई न्हाई, तुम्हीही नसता. जिला वाजवता येतं तिला धाडा.

तुमच्या सूनबाई पार्वतीला आशीर्वाद.

गौरम्मा


शिरूर अनंतपाळ,
सोमवार, ता. १० फेब्रुवारी १९८६

ग्यानोबाला वाटेसाठी मी आठ भाकरी बांधून दिल्या होत्या. तोंड बंद राहायला कमी पडल्या वाटतं.

चि. गौरम्मास आशीर्वाद.

हाव. खरं हाय. शिटी माझ्या हातची, पण ती चार सालांखाली केलेली, शिवगंगेला खेळायला. आता माझी बोटं लेखणी कशीबशी धरतात, पण भोकावर बसत न्हाईत आणि सडावर तर मुळीच न्हाई. पिळत होती पार्वती, वाजवत होती पार्वती. मी अंगणात बसून असायची. दोन लांब का तीन आखूड, मी कधी मोजलं न्हाई. मी माझ्याच बोलण्यात असायची.

तुझ्या नवऱ्याला असं कसं लिहिणार होते? म्हैस माझी म्हणून मी सगळ्यांना सांगितलेलं. तिला पिळणारी दुसरी, वाजवणारी दुसरी, मग माझं तिच्यात काय? शेपूट?

काल मी पार्वतीला बोलावलं आणि सांगितलं. कसं सांगितलं ते इचारू नको. तिला कळायला थोडा वेळ लागला, कारण मी पहिल्यांदाच हळू बोलत होते. तिला वाटलं मला ताप आला. कपाळाला हात लावून बघितला तिनं. पण हसली न्हाई. हसली असती तर म्हैस बाजारात गेली तरी चाललं असतं मला.

अमृत शनिवारी येणार हाय. रविवारी तो तिला एस.टी.नं अहमदपूरहून लोह्याला आणून सोडंल. तिला पोटभर जेवू घाल, ती स्वतःहून मागत न्हाई. वीरण्णाला सांग, सून मामाचं गाव बघायला आली. मागचं काही कळू देऊ नको.

पान्हा आला का न्हाई, एवढं कळव. कुणाच्याही हातानं.

गंगम्मा


लोहा, ता. १९ फेब्रुवारी १९८६

ती. आत्याबाईंच्या चरणी पार्वतीचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. तुमच्या औषधाची बाटली फडताळात डावीकडं हाय, उजवीकडची रॉकेलची. वास घेऊन मग घ्या.

भिंगरीनं मला लांबूनच ओळखलं. दावं ताणून उभी राहिली आणि ओरडली. हाडं दिसून राहिली पण डोळा चांगला हाय. मामांनी सगळ्या शिट्या माझ्यापुढं मांडल्या, लग्नातल्या भांड्यांसारख्या. त्यातली एक उभी घेतली. खुंटी अजून थोडी घासली, दोरा सैल होता तो काढून परत गुंडाळला. आवाज पुष्कळसा आपल्या शिटीसारखा आला. वाजवली. भिंगरीनं कान पाडले. मी बसले. दूध चहापुरतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच. मामींनी बाजाराचं दावं काढून उंबऱ्यात ठेवलं. मला रडू आलं. मग मी इचार केला, घरी होतं आणि इथं न्हाई असं काय? आणि आठवलं.

आत्याबाई, आता लिहिते त्याचा राग येऊ देऊ नका. रेडकू मेलं तवा तुम्ही म्हणालात ते माझ्या हलगर्जीनं मेलं. त्या दिवसापासून मी सकाळी गोठ्यात बसले की तुम्ही अंगणातून बोलायला सुरुवात करायचा. रेडकापासून सुरू व्हायचं आणि माझ्या माहेरापर्यंत जायचं. शिवगंगेची शिटी खुंटीला होती. एक दिवस मी ती तोंडात धरली. तोंडात शिटी असली की उलट बोलता येत न्हाई आणि कानावर थोडं कमी येतं. म्हशीसाठी वाजवलीच न्हाई मी. तिनं आपलं आपण ठरवलं. पण तिला नुसत्या शिटीची सवय न्हाई लागली. शिटी आणि तुमचं बोलणं, दोन्ही मिळून लागली.

मी हे मामींना सांगितलं. मामा म्हणाले, "मी बोलतो." ते म्हशीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "अहो भिंगरीबाई, हे वागणं बरं नव्हे." तिनं शेण टाकलं.

मामींनी इचारलं, "अक्का काय काय बोलतात?" मी थोडं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं म्हशीला कसं बोलू, तिनं माझं काय केलंय?" मग त्यांची नजर खिडकीतल्या बासऱ्यांवर गेली. तिथून मामांवर गेली. आणि त्यांनी सुरुवात केली. दुकान, भुसा, पेटी, भजनी मंडळ, त्यांच्या लग्नात तुमच्या बाबांनी केलेला मानपान. मी शिटी वाजवत होते. आत्याबाई, बादली अर्धी भरली.

आज तिसरा दिवस. रोज दोन्ही वेळा भरते. मामी म्हणतात बत्तीस वर्षांचं साठलंय, पावसाळ्यापर्यंत सहज पुरंल. मामी शिटी शिकून राहिल्या, म्हणजे मी गेल्यावरही अडणार न्हाई. बाजाराचं दावं परत खुंटीवर गेलं.

मी कवा येऊ ते तुम्ही सांगाल तसं.

पार्वती


शिरूर अनंतपाळ,
सोमवार, ता. २४ फेब्रुवारी १९८६

गौरम्माला काय येतं बोलता? पहिल्याच दिवशी मानपानापर्यंत गेली म्हणे! लगेच तिथं पोचलं तर पुढं जायला जागा कुठं राहते? आधी बारकं काढायचं, सांडलेलं पाणी, करपलेली भाकरी. मग हळूहळू माणसाच्या माहेराकडं सरकायचं. तिला सांग. न्हाईतर वैशाखातच संपून बसंल आणि माझी म्हैस आटंल.

चि. पार्वतीस आशीर्वाद. तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहून राहिले. एका घरात राहून लिहायची वेळच आली न्हाई.

रेडकू तुझ्यानं मेलं न्हाई. ते जन्मलं तवाच अशक्त होतं, मला दिसलं होतं. कुणाला तरी बोलायला पाहिजे होतं आणि तू जवळ होतीस. हे एकदाच लिहिलंय, परत इचारू नको.

तू गेल्यापासून मी सकाळी अंगणात बसते. दोन दिवस बोलून बघितलं. ऐकायला टँकरवाला सोडून कुणी न्हाई. त्यानं घाबरून आपल्या दोन घागरी जास्त भरून दिल्या. शेजारच्या सिंधुला बोलून बघितलं, तिला राग आला. लोकांना सवय न्हाई.

चहा मीच करून घेते, बिनदुधाचा. कवा करायचा ते मीच ठरवते. ठरवण्यात काही मजा न्हाई, कुणी वाटच बघत नसंल तर. भिंगरी घरी आली की सकाळचा चहा तू म्हणशील तवा. दुपारचा माझ्याकडं. यात अमृतचा काही संबंध न्हाई, त्याला सांगू नको.

शिवरात्र तिकडंच कर. गौरम्माला शिटी पक्की आली की मग ये. एकटी येऊ नको, अमृत आणायला येईल.

आता एक गोष्ट. तू लिहिलंस की तोंडात शिटी असली की उलट बोलता येत न्हाई. मला पटत न्हाई. आषाढापासून दिवाळीच्या पुढंपर्यंत मी रोज ऐकलं. कधी दोन लांब, कधी तीन आखूड, मी माहेराचं नाव घेतलं की कर्कश, आणि मी दमून गप्प बसले की एकच बारीक, खालच्या आवाजात. एकदाही सारखं वाजलं न्हाई. म्हणूनच मला वीरण्णाला एक धड सांगता आलं न्हाई. तू पाच महिने मला उत्तरच देत होतीस, पार्वते.

ती सगळी उत्तरं मला लिहून पाठव. वाईट असतील तरी तशीच लिही, गोड करू नको. वीरण्णाला कागदाला हात लावू देऊ नको आणि गौरम्माला इचारू नको. तूच लिहायचं, तुझ्याच हातानं.

गंगम्मा